उपरण्याखालचा हात

"पण बाबा, एकदा आलेला माणूस परत जाऊच नये, म्हणून काय करायचं?"

अमीनबाबांनी चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं. भगुल्यातला चहा वर येत होता.

"साखर किती घालू?"

"घाला कितीबी. मी काय विचारतोय..."

"ऐकलं की. साखर किती?"

धुळाप्पानं हात टेकले.

"एक चमचा."

बाबा पहिल्यापासून असेच. माणूस कासावीस होऊन येणार, जन्माचा प्रश्न विचारणार, आणि हे विचारणार, जेवलास का. कुरणवाडीच्या माळावर, शनिवारच्या मेंढरांच्या बाजाराला लागूनच त्यांचा तकिया. तकिया म्हणजे काय, तर एक जुनी कबर, एक लिंबाचं झाड, पत्र्याची एक खोली आणि ही चूल. पण माळावरच्या माणसाला काही खुपलं की तो देवळाआधी इथं यायचा.

धुळाप्पा मोटेही तसाच आला होता. पुण्यात त्याला डी. एम. म्हणतात. पांढरे बूट घालतो, सभेत इंग्रजीत बोलतो. त्याच्या कंपनीचं नाव 'कळप', आणि साऱ्या माणदेशातल्या मेंढक्यांच्या मोबाइलात ते आहे. पण एके काळी बाप मेंढरं घेऊन बाजारात शिरताना हेच पोरगं बाबांच्या चुलीपाशी टाकून जायचा. "हा तुमचा चेला. ह्याला माणसात आणा," म्हणायचा. बाबांनी त्याला माणसात किती आणलं ते अल्ला जाणे, पण पहिली अक्षरं त्यानं बाबांसमोर धुळीत बोटानं गिरवली हे खरं.

बापानं नवा कळप घेतला की तो आधी इथं यायचा. बाबा आशीर्वाद म्हणून मोरपिसांचा कुंचा बापाच्या पाठीवर टेकवायचे, मगच मेंढरं वाटेला लागायची. आज धुळाप्पालाही तेवढंच हवं होतं. कुंचा एकदा पाठीवर टेकला की तो परत फिरणार होता.

बाबा काही कुंच्याला हात लावत नव्हते.

"आधी मला सांग," चहा गाळता गाळता ते म्हणाले, "त्यो तुझा मोबाइलातला बाजार चालतो कसा?"

इथं धुळाप्पा खुलला. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"मेंढका फोटू टाकतो. वजन, दात, जात लिव्हतो. लांबलांबचं घेणारं बघत्यात, भाव बोलत्यात. सौदा जुळला की माझी गाडी जाऊन मेंढरू उचलती."

"आन मेंढकं तुझ्याकडंच का येत्यात?"

"कारण घेणारं माझ्याकडं हायत."

"आन घेणारं?"

"कारण मेंढकं माझ्याकडं हायत."

बाबा मान हलवत हसले.

"म्हंजे बाजारच की, लेकरा."

"बाजारच. पर खिशात मावणारा."

सुरुवातीला मात्र काळं कुत्रं फिरकत नव्हतं. मेंढरं नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून मेंढरं नाहीत. धुळाप्पानं बापाच्याच मेंढरांचे फोटो टाकले. वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, लोकांचे मोबाइल हातात घेऊन स्वतः 'कळप' घालून दिलं. गाडीचं भाडं स्वतःच्या अंगावर घेतलं. मग त्यानं तारे काढले. जो मेंढका खरं बोलेल, आजारी जनावर गळ्यात मारणार नाही, त्याच्या नावापुढं तारा. ज्याच्या नावापुढं तारे जास्त, त्याचं मेंढरू न बघताही खपायचं. त्यानंतर लोक आपोआप यायला लागले. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून त्याचा मेव्हणा.

"मग अडलंय कुठं?"

धुळाप्पाचा चेहरा उतरला.

"दुसरी कंपनी आलीय, बाबा. बड्या पैशाची. गाडी फुकट, वर खुराकाचं पोतंबी फुकट. आपली मेंढकं आता दोन्हीकडं फोटू टाकायला लागल्यात. आज दोन्हीकडं, उद्या समदी तिकडंच जातील."

"हं."

"म्हणून नियम काढलाय. दिवस मावळायच्या आत लावायचा. 'कळप'वर विकायचं तर दुसरीकडं विकायचं न्हाई. ना त्या कंपनीत, ना बाजारात. विकलं, तर नाव गेलं. तारेबी गेले."

बाबांनी पेला त्याच्यापुढं सरकवला.

"चुकतंय का माझं?"

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बाबा, मेंढरं बसवायची तर भोवती वाघर लावावीच लागती की. माझा बाप लावायचा. त्याचा बाप लावायचा. जाळी न्हाई लावली तर सकाळी निम्मा कळप लांडग्याच्या पोटात."

"मेंढरांना लावायचा."

"व्हय."

"मेंढक्यांना कुणी लावत व्हतं का?"

राग आला धुळाप्पाला थोडा. ज्यानं आयुष्यात एक शेळीसुद्धा विकली नाही, त्यानं धंद्यातलं काय सांगावं. पण हे बोलायची त्याची छाती नव्हती. त्यानं पेला उचलला आणि माळाकडं तोंड केलं.

शनिवार होता. बाजाराचा दिवस, आणि माळ मोकळा पडला होता.

लिंबापलीकडं मेंढरांचे चार-दोन घोळके उभे होते. एक भजीवाला कढई थंड करून बसला होता. घाट्या-घुंगरं विकणारा कुठं दिसेना. घोंगड्या पसरून बसणारे सनगरही आले नव्हते. एरवी ते गावाच्या आधी पोचायचे.

काय बाजार होता तो, म्हणून सांगावं. धूळ एवढी उडायची की सडकेवरची एस्टी भरदिवसा दिवे लावून यायची. मेंढरांची बें-बें, हेडी दलालांच्या हाका, भज्यांचा घाणा, लोकरीचा तो उबट वास. पोरगा धुळा ह्याच चुलीपाशी बसून गर्दीत बापाचा तांबडा पटका शोधायचा. पटका हरवायचा, पुन्हा दिसायचा. दिसला की पोराला वाटायचं, आता काही काळजी नाही. दुपारी बाप यायचा, धोतराच्या सोग्यात बांधलेली भजी सोडायचा. त्यातली अर्धी बाबांची.

त्या भज्यांची चव त्याला पुण्यातल्या कुठल्याही हॉटेलात परत लागली नव्हती. बाप गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तरी त्याची नजर आत्ताही माळावर तांबडा पटका शोधत होती, आणि हे त्याचं त्यालाच आता कळलं.

"बाजार पार उठला की हो, बाबा."

"उठला."

"माझ्यामुळं."

"व्हय."

निदान 'तसं नव्हं रे' एवढं तरी म्हणतील असं वाटलं होतं. पण बाबा फडक्यानं भगुलं पुसत होते.

"तुमाला राग न्हाई आला माझा?"

"कशापायी? ह्यो बाजार तरी कुठं हितला? माझ्या आज्याच्या वक्ताला खिंडीपल्याड भरत व्हता. त्यो मोडला, ह्यो भरला. आता तुझा भरलाय. त्योबी कवातरी मोडंल."

"त्यो खिंडीपल्याडचा का मोडला?"

"मी कुठं व्हतो तवा? चहा पी, निवतोय."

धुळाप्पानं चहा एका घोटात संपवला.

"मोडू नये म्हणूनच तर आलोय. बाबा, बापाचा कळप विकून उभं केलंय मी हे. शेवटची मेंढी गाडीत चढवली तवा आई दाराआड रडत व्हती. आता मेंढकं तिकडं वळली तर... मी संपलो. मग कशापायी विकला मी त्यो कळप?"

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. मायेनं पाहिलं, पण कुंचा खुंटीवरच राहिला.

तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. तातोबा हेडी पाणी प्यायला आला होता. पाठीला बाक, खांद्यावर उपरणं. मेंढका आणि खाटीक यांच्यामध्ये उभं राहून सौदे जुळवण्यात त्याची हयात गेली होती. धुळाप्पाच्या बापाची निम्मी मेंढरं त्याच्याच हातून गेलेली.

"कोण, धुळा? आलास व्हय, बाजार कुठवर गिळून झाला ते बघायला?"

धुळाप्पानं उठून त्याच्या पायांना हात लावला. मान वर करायची त्याला लाज वाटत होती.

"असू दे, असू दे," तातोबा हसला. "अरं, माझ्या मोबाइलातबी हायस तू. नातीनं घालून दिलंय."

"मग विकता का त्यावर, अण्णा?"

"कवा तिथं, कवा हितं. भाव तुझ्यावर बघतो. मग माणूस समोर असला तर म्हनतो, चल, हितंच हात घालू, सौदा करू. त्या नव्या कंपनीवरबी डोकावतो मधनं. तेवढंच डोळ्याला काम."

तांब्या तोंडाला लावून तो घटाघटा पाणी प्यायला. धुळाप्पा त्याच्याकडं बघत राहिला. सांगावं की नाही... पण सांगितल्यावाचून राहवेना.

"उद्यापासनं तसं चालायचं न्हाई, अण्णा."

"म्हंजे?"

"माझ्याकडं विकायचं, तर माझ्याकडंच."

"आन बाजारात?"

"न्हाई."

"घातला हात तर?"

"तुमचं नाव जाईल. तारे जातील."

तातोबानं तांब्या खाली ठेवला. त्याच्या नावापुढं तारे भरपूर होते, आणि एक-एक तारा त्यानं खरं बोलून मिळवला होता. तो चिडला नाही. नुसता बाबांकडं बघत राहिला, घरात काही फुटल्यावर थोरल्या माणसाकडं बघतात तसा.

बाबांनी हात पुढं केला.

"तात्या, उपरणं दे जरा."

"हे? मळलंय ओ."

"दे."

बाबांनी उपरणं झटकलं आणि धुळाप्पाच्या समोर मांडी घालून बसले.

"तू विकणारा, मी घेणारा. तुझ्या बापाचं कोकरू हाय असं समज. हात आण."

धुळाप्पाला हसू आलं. त्यानं हे लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं. मेंढरांचा भाव चारचौघांत तोंडानं बोलायचा नसतो. हेडी उपरणं टाकणार, त्याच्याखाली दोघांचे हात भेटणार. तोंडानं फक्त शेकडा की हजार एवढंच म्हणायचं. बाकी सगळं बोटं बोलणार. किती बोटं धरली, कशी दाबली, ते त्या दोघांनाच ठाऊक. भाव पटला नाही की हात काढून घ्यायचा आणि चालू लागायचं. त्यानं कुणी रुसत नसे. एकदा त्याच्या बापानं तातोबाच्या हातातून असा हिसडा मारून हात काढला होता की उपरणं धुळीत पडलं. आणि पुढच्याच शनिवारी बाप पुन्हा तातोबालाच शोधत होता.

हे सगळं आठवलं, आणि त्याचा हात आपसूक उपरण्याखाली गेला.

"हजार," बाबा म्हणाले. त्यांनी त्याची बोटं दाबली.

भाव बरा होता. पण बापाचा लेक तो, पहिल्या भावाला कसा मानेल. त्यानं बोट वाढवून मागितलं. बाबांनी तेही कबूल केलं.

"झालं की मग," धुळाप्पा म्हणाला आणि हात काढायला गेला.

हात निघेना.

त्यानं पुन्हा ओढला. म्हाताऱ्याचा हात. पण उभा जन्म विहिरीचं पाणी शेंदलेला. बोटांचा नुसता फास बसला होता.

"बाबा..."

"बोल की."

"झाला की सौदा. सोडा आता."

"आनखी एक बोट देतो वर."

"नको. सोडा."

"दोन देतो."

"भावाचं न्हाई ओ काय. हात सोडा आधी."

"हातात काय खुपतंय का?"

"न्हाई."

"भाव वंगाळ हाय का?"

"चांगला हाय."

"मग?"

तातोबा आता हसत नव्हता. धुळाप्पाच्या कपाळावर घाम आला. मघापासून ह्याच माणसाजवळ बसून त्याला बरं वाटत होतं. रात्र इथंच काढावी असंही मनात येऊन गेलं होतं. आता त्याला कोकरू दिसेना, भाव दिसेना, समोरचे बाबाही दिसेनात. दिसत होता तो फक्त उपरण्याखाली अडकलेला आपला हात.

"बाबा, असं धरून ठेवलंत तर कसला सौदा? भाव दुप्पट दिलात तरी तुमाला कोकरू द्यावंसं वाटायचं न्हाई मला. आज सुटलो की पुन्हा तुमच्याकडं..."

तो थांबला.

आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

लिंबावर एक होला घुमत होता.

मग धुळाप्पाचा फोन वाजला. तो चटईवर डाव्या हाताशी पडला होता. पुण्याहून निनादचा होता. ऑफिस हाच सांभाळायचा.

"सर, सगळं तयार आहे. नियम लावू ना? सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

धुळाप्पानं उपरण्याकडं पाहिलं. मग तातोबाकडं. तातोबा मान वळवून रिकाम्या माळाकडं बघत उभा होता.

"सर? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग लावू?"

"नको."

"नको म्हणजे... उद्या लावायचा?"

"उद्याही नको. कधीच नको. आणि मेंढक्यांचे तारे त्यांना कागदावर काढून देण्याची सोय कर. कुणाला दुसरीकडं दाखवायचे असतील तर दाखवू देत."

"सर, वेड लागलंय का तुम्हाला? उद्या सकाळी निम्मे लोक जातील. आपल्याकडं राहणार काय मग?"

निनाद खोटं बोलत नव्हता. लोक गेले असते. कदाचित सगळेच.

"जातील त्यांना जाऊ दे," तो म्हणाला. "आपलं काम चांगलं असलं तर येतील. नसलं तर... नाही येणार."

त्यानं फोन पालथा ठेवला. भीती वाटत होती त्याला, खरीखुरी भीती. शेवटची मेंढी गाडीत चढवली त्या दिवशी वाटली होती तशीच. डोळे भरून आले. पुसायला त्यानं डावाच हात वर नेला.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. उपरण्याखाली बाबांची मूठ सैल होती. बोटं केव्हा उघडली होती कोण जाणे. कदाचित फोन वाजला तेव्हाच, कदाचित त्याच्याही आधी. आणि त्याचा हात तिथंच होता, बाबांच्या उघड्या तळव्यावर.

त्यानं तो काढला नाही.

बाबांनी उपरण्याचं घसरलेलं टोक नीट केलं. जरा पुढं वाकले.

"हं... आता सांग, धुळ्या. काय भाव?"